नगावरची मजुरी आणि मतदानाच्या दिवसाचा रोज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या आपल्या पुरवणीत ब्रिटनमधल्या बायकांनी मताचा हक्क कसा मिळवला यावर पानभर लेख आला होता. मी तो मन लावून वाचला. त्यात पँकहर्स्ट मायलेकी होत्या, लंडनच्या दुकानांच्या फोडलेल्या काचा होत्या, तुरुंगातली उपोषणं होती, जबरदस्तीने अन्न घालायला घशात उतरवलेल्या नळ्या होत्या. हे सगळं घडलेलं आहे, आणि ज्यांनी सोसलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण लेख वाचून कुणालाही असंच वाटेल की मत मागायला फक्त घरंदाज बायका रस्त्यावर आल्या, आणि गिरणीतल्या, कारखान्यातल्या बायकांना ते मागाहून आपोआप मिळालं. तसं झालेलं नाही. ज्यांची नावं लेखात नाहीत त्यांच्याबद्दल लिहिते आहे. शेवटी माझं एक मागणंही आहे, म्हणून पत्र लांबलं तरी ते पूर्ण वाचावं.

मी सोलापुरात शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करते. कॉलर आणि कफ हे माझं काम. मजुरी नगावर. माझी मुलगी इतिहासात एम. ए. करते. तिने मला एडा नील्ड या बाईची पत्रं वाचून दाखवली, इंग्रजी वाचत जायची आणि मराठीत सांगत जायची. ऐकताना मी तिला मध्येच थांबवून विचारलं, की हे कुठल्या सालचं म्हणालीस? १८९४ सालचं. मला ते गेल्या सीझनचं वाटत होतं.

इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात क्रू नावाचं गाव आहे. आपल्याकडे कुर्डुवाडी, तसं ते रेल्वेच्या कारखान्यामुळे वाढलेलं गाव. पुरुष रेल्वेच्या कामावर, आणि बायका कपड्यांच्या कारखान्यात. ज्या कारखान्यात एडा शिवायची तिथे सरकारी गणवेश तयार व्हायचे. तिचा जन्म १८७० चा, घरात तेरा भावंडं, शाळा अकराव्या वर्षीच सुटलेली. चोविसाव्या वर्षी तिने 'क्रू क्रॉनिकल' या गावच्या पेपराच्या संपादकाला पत्र लिहिलं. ते ५ मे १८९४ ला छापून आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'क्रूची एक कारखान्यातली मुलगी'. मग सप्टेंबरपर्यंत ती लिहीतच राहिली. एकूण तेरा पत्रं झाली.

त्या पत्रांत काय आहे? हिशेब आहे. सगळ्या वर्षाची सरासरी काढली तर हाताला आठवड्याला आठेक शिलिंग येतात, असं तिने लिहिलं. तेव्हा तिकडे पुढारी लोक 'जगण्यापुरती मजुरी' मिळाली पाहिजे असं बोलू लागले होते. त्यावर एडाचं उत्तर असं, की आमची मजुरी जगण्याची कसली, झिजत झिजत मरण्याची आहे. घाई असली की दिवसभर कारखान्यात शिवून रात्री घरी काम न्यायचं. मंदी असली तरी कारखान्यात यायचं, काम येईपर्यंत बसून राहायचं, आणि बसल्याचा एक पेनीसुद्धा नाही. धाग्याचे पैसे मजुरीतून जायचे. चहासाठी गरम पाणी मिळायचं, त्याचेही पैसे कापायचे. चांगलं काम कुणाला आणि किचकट काम कुणाला, हे देखरेख करणाऱ्या बाईच्या मर्जीवर. त्याच जातीचं काम करणाऱ्या पुरुषांचा दर मात्र वेगळा.

संपादक महोदय, यातली एकही गोष्ट मला समजावून सांगावी लागली नाही. आमचा सीझन फेब्रुवारीत लागतो आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की संपतो. ते चार-पाच महिने मशीनवरून मान वर होत नाही. संध्याकाळी घरी जाताना काज-बटणाचा आणि धागे कापायचा गठ्ठा बरोबर असतो, त्याला घरातली सगळी माणसं बसतात. पावसाळा लागला की निम्मी मशीनं उभी. सकाळी जायचं, मास्तरकडे कटिंग आहे का विचारायचं, अकरापर्यंत वाट बघायची आणि परत यायचं. जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं आपलं. चेकिंगमध्ये माल परत आला की 'ऑल्टर' करायचा, त्याला दर नाही, मग चूक शिलाईची असो की कटिंगची. काही ठिकाणी सुई मोडली तर सुईचे पैसे घेतात. माझा दर मी इथे लिहीत नाही. या गावात दरावरून कारखाना ओळखू येतो आणि कारखान्यावरून बाई.

एडाचं तेच झालं. संपादकाने तिचं नाव सांगितलं नव्हतं, पण ती कोण हे कारखान्यात कळलं आणि तिची नोकरी गेली. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची. त्याच वर्षी तिकडे कायदा बदलला होता. गरिबांच्या मदतीची व्यवस्था बघणारी जी स्थानिक मंडळं होती, त्यांच्यावर निवडून येण्यासाठीची मालमत्तेची अट १८९४ च्या कायद्याने काढून टाकली. तोवर तिथे जमीनदार, दुकानदार, पाद्री बसायचे. अट गेली म्हणून नोकरीवरून गेलेली ही शिंपीकाम करणारी मुलगी त्या वर्षाच्या अखेरीला नँटविचच्या मंडळावर निवडून गेली. मे महिन्यात जी नाव लपवून लिहीत होती ती डिसेंबरात नावानिशी टेबलाशी बसली. पुढे ती कामगार बायकांच्या संघटनेसाठी गावोगाव फिरली, मुलगी लहान असताना तिला बरोबर घेऊन फिरली, आणि नंतर मताच्या चळवळीची पगारी कार्यकर्ती झाली. मजुरीपासून मतापर्यंत ती पुस्तकं वाचून पोहोचली नव्हती. दर कोण ठरवतं हे शोधत गेली, आणि कायद्यापाशी जाऊन थांबली.

कारण एक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरच होती. तिच्या हातचा माल सरकारसाठी जात होता. ब्रिटिश संसदेने १८९१ मध्ये ठराव केला होता, की सरकारी कंत्राट घेणाऱ्याने त्या धंद्यात चालू असलेली योग्य मजुरी दिली पाहिजे. ठराव चांगला होता. पण सरकारचे कपडे शिवणाऱ्या क्रूच्या मुलींपर्यंत तो आठ शिलिंगांच्या रूपाने पोहोचला. त्या मुलींपैकी एकीलाही खासदार निवडायचा हक्क नव्हता. त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं नाही म्हणून कुणाची खुर्ची जाणार नव्हती.

आता लँकेशायरकडे वळते, कारण तिकडे हेच हजारोंच्या संख्येने झालं. लँकेशायर म्हणजे सुती कापडाचा मुलूख. तिथल्या मागांवर पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. विणकरांच्या संघटनेतही बायकांचीच भरती जास्त, पण पदाधिकारी बहुतेक पुरुष. १ मे १९०० रोजी ब्लॅकबर्न इथून गिरणी कामगार बायकांच्या सह्यांची मोहीम सुरू झाली. मागणी एकच, खासदार निवडण्याचा हक्क. मँचेस्टरच्या एस्थर रोपर आणि आयर्लंडहून आलेल्या इव्हा गोर-बूथ या दोघींनी बेत आखला. पण गिरणीच्या दारात उभं राहून, संध्याकाळी घरोघर जाऊन सह्या घेतल्या त्या सेलिना कूपर, सारा रेडिश, सारा डिकन्सन अशा बायकांनी, ज्या स्वतः गिरणीत काम केलेल्या होत्या. सेलिना कूपर दहा-अकरा वर्षांची असताना अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी अशी कामाला लागली होती. अशा बाईने दार वाजवलं की आतली बाई बोलते. वर्षभरात २९,३५९ सह्या झाल्या. १९०१ च्या मार्चमध्ये पंधरा गिरणी कामगार बायका ते कागदांचं भेंडोळं घेऊन लंडनला संसदेत गेल्या. काचा फोडण्याच्या बातम्या यायला अजून कितीतरी वर्षं अवकाश होता. आपल्या लेखात या २९,३५९ बायकांना एक ओळ मिळायला हवी होती.

सह्या घेणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे म्हणून सांगते. पाळी सुटल्यावर बाईला घरी जायची घाई असते, मूल वाट बघत असतं, चूल पेटवायची असते. ती पहिल्यांदा विचारते, 'यानं दर वाढंल का?' दुसऱ्यांदा विचारते, 'मालकाला कळंल का?' या दोन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय कुणी सही करत नाही. लँकेशायरच्या बायकांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोख दिलं. कामाचे तास, गिरणीतली वाफ आणि धूळ, बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर यायचं, हे सगळं संसदेत ठरतं. तिथे पुरुष कामगारांचा आवाज पोहोचू लागला आहे, आपला नाही.

आणि त्यांच्याकडे याहून पक्का मुद्दा चालून आला. १९०२ मध्ये क्लिदरो मतदारसंघातून विणकरांच्या संघटनेचा माणूस, डेव्हिड शॅकल्टन, मजूर प्रतिनिधी म्हणून बिनविरोध संसदेत गेला. तेव्हा खासदारांना सरकारी पगार नव्हता. त्याचा खर्च संघटनेच्या वर्गणीतून चालणार होता आणि वर्गणी भरणाऱ्यांत बायका जास्त. म्हणजे खासदार ज्यांच्या पैशावर उभा त्यांनाच त्याला मत देता येत नाही. सेलिना कूपर आणि तिच्या जोडीच्या बायकांनी हा प्रश्न त्याच्यासमोर आणि संघटनेसमोर पुन्हा पुन्हा मांडला. युनियनची पावती दर महिन्याला फाडणारी, पण बैठकीत मागच्या सतरंजीवर बसणारी जी बाई आहे तिला या मुद्द्याचं बळ सांगावं लागणार नाही. आमच्याही गावात बायकांच्या जिवावर मोर्चे भरतात. विड्या वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, वर्गण्या भरल्या, तेव्हा कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पण स्टेजवर खुर्च्या मांडल्या की त्यांत बायकांच्या किती असतात, हे आजही मोजून बघावं.

या चळवळीतला एक वाद मात्र सांगितलाच पाहिजे, नाहीतर सगळ्या बायका एका सुरात बोलत होत्या असं वाटेल. काही जणींचं म्हणणं असं, की पुरुषांना ज्या अटींवर मत आहे त्याच अटींवर बायकांना द्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण पुरुषांची अट होती घराची, भाड्याची, मालमत्तेची. लग्न झालेल्या कामगार बाईच्या नावावर घर नाही, भाडेपावती नवऱ्याच्या नावाची. म्हणजे मत श्रीमंत विधवांना आणि जमीनदारांच्या बहिणींना मिळणार. १९०४ मध्ये एडाने 'क्लॅरियन' या साप्ताहिकात हेच रोखठोक लिहिलं, की पैसेवाल्या बायकांचा सगळा वर्ग मतदार होईल आणि कष्ट करणाऱ्या बायका होत्या तशाच राहतील. आपल्या लेखातल्या पँकहर्स्ट मायलेकींपैकी क्रिस्टाबेलशी, म्हणजे मुलीशी, तिचा यावरून जाहीर वाद झाला. आधी दार किलकिलं होऊ दे, मग बाकीच्या आत येतील, ही दुसरी बाजू. तिलाही अर्थ आहे, आणि पुढे एडाही त्या बाजूच्या लोकांबरोबर काम करू लागली. तरी मला विचाराल तर १९०४ ची एडा बरोबर होती. दार किलकिलं झाल्यावर आत गेलेली माणसं मागच्यांसाठी ते धरून ठेवतातच असं नाही. १९१८ मध्ये कायदा झाला तेव्हा मत मिळालं ते तीस वर्षांवरच्या, आणि स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या घराच्या अटीत बसणाऱ्या बायकांना. युद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुली बाहेर राहिल्या. दुसऱ्याच्या घरी राहून धुणीभांडी करणाऱ्या बाहेर राहिल्या. त्यांना आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. एकविसाव्या वर्षी सरसकट मत १९२८ मध्ये आलं.

लंडनमधला एक प्रसंग इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पूर्व लंडन हा गोदी कामगारांचा, घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांचा भाग. क्रिस्टाबेलची बहीण सिल्व्हिया पँकहर्स्टने तिथे वेगळी संघटना बांधली, कारण तिच्या आईला आणि बहिणीला कामगारांशी तिची एवढी जवळीक पटत नव्हती. पंतप्रधान अॅस्क्विथ या बायकांना भेटायला तयार नव्हते. जून १९१४ मध्ये उपोषणाने खंगलेली सिल्व्हिया संसदेच्या दाराशी जाऊन बसली, तेव्हा त्यांनी होकार दिला. २० जून रोजी सहा कामगार बायका त्यांच्यासमोर गेल्या. सिल्व्हिया मुद्दाम बरोबर गेली नाही, ज्यांचं दुखणं त्यांनीच बोलावं म्हणून. मिसेस सॅव्हॉय नावाची ब्रश करणारी बाई होती, तिने स्वतः केलेला ब्रश पंतप्रधानांसमोर टेबलावर ठेवला. याची एवढीएवढी भोकं भरायला मला काही पेन्स मिळतात, आणि हाच ब्रश दुकानात कितीतरी पटीने विकला जातो, असं सांगितलं. डेझी पार्सन्सने सिगारेटच्या कारखान्यातलं सांगितलं. तिथे पुरुषांना जेवायला जागा होती आणि मुलींना संडासात जाऊन चोरून खावं लागायचं. हीच डेझी १९३६ मध्ये वेस्ट हॅमची पहिली महिला महापौर झाली.

त्या ब्रशवर माझं मन अडकलं आहे. मागणीचा कागद सगळेच देतात. तिने वस्तू ठेवली, तिची मजुरी सांगितली आणि दुकानातली किंमत सांगितली. त्यानंतर भाषण करायची गरज उरत नाही.

आता आपल्याकडचं, कारण काही वाचक म्हणतील की विलायतेतल्या बायकांचं आम्हाला काय. एडाच्या पत्रांच्या चार वर्षं आधी, २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. दहा हजार माणूस जमलं होतं. मागणी आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. जून महिन्यात मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज जो रविवार आपण सगळे उपभोगतो, त्यात त्या दोघींचा शब्द आहे. इतिहासात त्या 'दोन स्त्रिया' एवढ्याच राहिल्या आहेत. लोखंडे 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवत होते, कामगारांची बाजू छापून येण्याची सोय मुंबईत तेव्हा होती. तरी त्या दोघी नावानिशी आपल्यापर्यंत पोहोचल्या नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, फॅक्टरी कायद्यात बायकांचे तास अकरावर आले आणि मध्ये दीड तासाची विश्रांती लागू झाली. चांगलं झालं. पण या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा रेटा होता, आणि मुंबईचं कापड स्वस्त पडू नये हा त्यांचा हिशेब होता. स्वतःच्या गिरणीतल्या बायकांना मत द्यायला जे तयार नव्हते, ते मुंबईच्या बायकांची काळजी वाहत होते. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात बायकांना कौन्सिलसाठी, म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळासाठी, मत मिळालं, तेही मालमत्तेच्या अटीवर. १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता देणारं विधेयक मुंबई कौन्सिलात आलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने ठामपणे बोलले, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. ज्या बायकांसाठी तो झाला त्यांतल्या बहुतेकींना त्या कौन्सिलसाठी मत नव्हतं. पुढच्या काही दशकांत गिरण्यांमधून बायका कमी कमी होत गेल्या आणि ते थांबवायला त्यांच्या हातात काही नव्हतं. सरसकट मत आलं ते १९५० ला राज्यघटनेबरोबर. एडाला ज्यासाठी वाद घालावा लागला ते बाबासाहेबांनी आणि घटना समितीने आपल्याला एका कलमात दिलं. ना घराची अट, ना शिक्षणाची, ना नवऱ्याच्या नावाची.

मग माझं मागणं काय? मत आहे, पण मत द्यायला जाण्याचा दिवस आम्हाला परवडत नाही, हे मी सांगते आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. मी ज्या कारखान्यात तेव्हा होते तो त्या दिवशी बंद होता. ऑफिसातल्या आणि महिन्याच्या पगारावरच्या माणसांना पगारी सुट्टी मिळाली. आम्हा नगावरच्या बायकांनी शनिवारी हिशेबात तो दिवस मागितला, तर उत्तर आलं, 'नग नाही तर पैसे कसले?' ज्यांची नावं अजून माहेरच्या किंवा सासरच्या गावच्या यादीत आहेत, अक्कलकोट, मंगळवेढा, कुणी पार उमरग्याकडे, त्यांचा हिशेब आणखी वेगळा. एका दिवसाची मजुरी बुडणार आणि वर एसटीचं भाडं. त्यांतल्या बऱ्याच जणी गेल्या नाहीत. 'बायकांमध्ये जागृती नाही' असं नंतर कुणी लिहिलं तर ते मला मान्य नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, यातलं कलम १३५ब १९९६ मध्ये आलं. त्यात स्पष्ट आहे की कोणत्याही धंद्यात, कारखान्यात कामाला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची आणि त्यासाठी मजुरी कापायची नाही. एवढंच नाही, तर ज्याला सुट्टीच्या दिवसाची मजुरी एरवी मिळत नाही, त्यालाही सुट्टी नसती तर जेवढी मिळाली असती तेवढी त्या दिवसाची मजुरी द्यायची. कायदा करणाऱ्यांनी रोजंदारीच्या माणसाचा विचार केला होता हे उघड आहे. पण नगावरच्या बाईने 'सुट्टी नसती तर' किती नग काढले असते हे कोण ठरवणार? कुणीच ठरवत नाही, म्हणून देत नाहीत. आणि मोडलं तर दंड आहे पाचशे रुपयांपर्यंत. शंभर बायकांचा एक दिवस बुडवणाऱ्याला पाचशे रुपये.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक निवडणुकीआधी जिल्हा प्रशासन पगारी सुट्टीचं परिपत्रक काढतं. त्यात दोन ओळी घालाव्यात. एक, नगावर आणि डझनावर काम करणाऱ्या कामगारांनाही ही सुट्टी पगारी आहे. दोन, त्यांची मजुरी मागच्या चार आठवड्यांच्या कमाईच्या रोजच्या सरासरीने धरावी. प्रत्येक कारखान्यात वही असते, कुणी किती नग काढले ते लिहिलेलं असतं, सरासरी काढायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट सरकार जिथे स्वतः गिऱ्हाईक आहे तिथली. २०२४-२५ ला राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून जिल्हा परिषद शाळांच्या गणवेशाची शिलाई बचत गटांच्या बायकांकडे सोपवली होती. विचार चांगला होता. पण शिलाईचा दर परवडत नाही म्हणून कितीतरी ठिकाणी गटांनी काम घ्यायला नकार दिला, शाळा सुरू होऊन महिने गेले तरी मुलांच्या अंगावर गणवेश नव्हते, आणि शेवटी सरकारने तो निर्णय फिरवला. चर्चा सगळी झाली ती मुलांना गणवेश उशिरा मिळाल्याची. ती व्हायलाच हवी होती. शिवणाऱ्या हाताला एका गणवेशामागे काय मिळणार होतं, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला. सरकारी पैशातून शिवला जाणारा कोणताही कपडा असो, शाळेचा, पोलिसाचा, दवाखान्यातला, त्याच्या कंत्राटात शिवणाऱ्याची मजुरी वेगळी लिहिलेली असावी आणि ती किमान वेतनाच्या हिशेबाला उतरणारी असावी. ब्रिटनने १८९१ ला ठराव केला आणि तो कागदावर राहू दिला. आपण ठराव करून थांबू नये, कंत्राटदाराच्या बिलाबरोबर मजुरीची वही तपासावी.

या दोन मागण्यांचा अर्ज आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहोत. सह्या घेणं चालू आहे. एमआयडीसीच्या रस्त्यावर, अशोक चौकात, विडी घरकुलात, जिथे बायका भेटतील तिथे. सही करायला भिणाऱ्याही पुष्कळ आहेत आणि त्यांना मी दोष देणार नाही, मीसुद्धा हे पत्र नावाने छापू नका असंच आपल्याला म्हणते आहे. माझं नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे, तो आपल्याकडेच ठेवावा.

अर्जाचा मजकूर पत्राला जोडला आहे. दोन परिच्छेदांचा आहे, फार जागा लागणार नाही. तो आपण छापलात तर ज्या बायका आमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत त्या कात्रण काढून आपापल्या ठिकाणी सह्या घेऊ शकतील. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, जिथे जिथे नगावर काम चालतं तिथे. आणि आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा, चार बोटांची का होईना, जागा अशा पत्रांसाठी ठेवाल का, ज्यांत बाईने आपलं काम, आपला दर आणि त्या वस्तूची दुकानातली किंमत एवढंच लिहायचं? नाव आपण झाकायचं. लिहिता न येणाऱ्यांची पत्रं मी आणि माझी मुलगी उतरवून पाठवू.

आपली,
गणवेश शिवणारी एक कामगार,
सोलापूर